पराभूताचा पुरावा

निवडणुकीच्या निकालावर विश्वास कोणीं ठेवावयाचा असतो? जो निवडून आला त्याचें मन वळविण्याचें कारण नाहीं. स्वतःच्या विजयाबद्दल पुरावा मागणारा मनुष्य अद्यापि आमच्या पाहण्यांत नाहीं. पुरावा लागतो तो हरलेल्याला. आपण हरलों ही गोष्ट त्याला पटावी, निदान त्याच्या गांवकऱ्यांना व कार्यकर्त्यांना पटावी, आणि त्यांनीं निमूटपणें घरीं जाऊन पांच वर्षें वाट पाहावी, यासाठींच मतमोजणीचा एवढा खटाटोप असतो. ही साधी गोष्ट आमच्या सरकारी यंत्रणेच्या ध्यानांत नाहीं, आणि राजकीय पक्षांना ती केवळ पराभवाच्या दिवशींच आठवते, अशी आमची तक्रार आहे. या तक्रारीचें प्रत्यंतर पाहण्यास दूर जावयास नको. आपला नगर जिल्हा पुरेसा आहे.

४ जून २०२४ रोजीं अहमदनगर लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला. (जिल्ह्याचें नांव त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अहिल्यानगर झालें.) नीलेश लंके २८,९२९ मतांनीं निवडून आले आणि भारतीय जनता पक्षाचे डॉ. सुजय विखे पाटील पडले. थोड्याच दिवसांत विखे पाटलांनीं अर्ज करून चाळीस मतदानकेंद्रांवरील यंत्रांची पडताळणी मागितली. दिल्लींत त्यांच्याच पक्षाचें सरकार पुनः आलें होतें, तीर्थरूप राज्याचे महसूलमंत्री होते, तरीहि त्यांस यंत्राचें अंतरंग तपासून पाहावेंसें वाटलें. पुढें २३ नोव्हेंबर रोजीं विधानसभेचे निकाल लागले. १९८५ पासून सलग आठ वेळां निवडून आलेले बाळासाहेब थोरात संगमनेरांत १०,५६० मतांनीं पडले; आणि आतां तोच अर्ज थोरातांसह महाविकास आघाडीच्या पराभूत उमेदवारांनीं केला. सहा महिन्यांपूर्वीं जी बाजू संशयी होती ती निःशंक झाली, आणि जी निःशंक होती ती संशयी झाली. यंत्र मात्र तेंच!

हा प्रकार केवळ नगरचाच नव्हे. २००९ च्या पराभवानंतर कागदी मतपत्रिका परत आणा असें म्हणणारे गृहस्थ लालकृष्ण अडवाणी होते. मतदानयंत्राला कागदी पुराव्याची जोड द्यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयांत भांडले ते डॉ. सुब्रमण्यम स्वामी. यावरून कोणी सर्व पक्षांना दांभिक ठरवून मोकळा होईल. आम्ही तसें करूं इच्छीत नाहीं. संशय हा कोणा एका पक्षाची मिरास नाहीं, तो पराभवाबरोबर घरोघर फिरतो, एवढाच अर्थ आम्ही यांतून काढतों. आणि जो संशय पाळीपाळीनें सर्वांच्याच घरीं जावयाचा, त्याच्या निरसनाची सोय सर्वांनीं मिळून शांत वेळीं करून ठेवणें हेंच शहाणपणाचें आहे.

ही सोय कशी असावी हें नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यास शिकविण्याचें कारण नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें प्रवरेकांठीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पाहतां पाहतां जिल्हाभर कारखान्यांच्या चिमण्या दिसूं लागल्या. कारखाना सहकारी, सभासद मालक, अध्यक्ष बहुधा आपल्याच तालुक्यांतला. तरी उसाची गाडी कांट्यावर चढली कीं शेतकरी पावती मागतो. भरल्या गाडीचें वजन, रिकाम्या गाडीचें वजन आणि उसाचें निव्वळ वजन तींत लिहिलेलें असतें. ज्याला शंका असेल तो कारखान्याच्या अगोदर खाजगी कांट्यावर गाडी नेतो. काटामारीची ओरड झाली म्हणजे सरकारी भरारी पथकें येऊन कांटे तपासतात. यामुळें कारखान्याचा अपमान झाला असें कोणी म्हणत नाहीं. आतां अशी कल्पना करा कीं, कारखान्यानें पावती छापली, ती कांचेआड सात सेकंद दाखविली, नंतर कुलपाच्या पेटींत टाकली, आणि म्हटलें, "वजन बरोबर आहे, पेटी उघडण्याचें कारण नाहीं." वाचकहो, कोणता ऊंस-उत्पादक हें ऐकून घरीं जाईल? पण उसाच्या बाबतींत जें आम्हांस क्षणभर सहन होणार नाहीं, तेंच मताच्या बाबतींत आम्ही मुकाट्यानें सोसतों.

कारण मताची पावती अगदीं अशीच आहे. ८ ऑक्टोबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्वामींच्या अर्जावर निकाल देतांना, मुक्त व न्याय्य निवडणुकीसाठीं कागदी पुरावा अपरिहार्य आहे असें सांगितलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत नागालँडांतील नोक्सेनच्या पोटनिवडणुकींत व्हीव्हीपॅट नांवाचें यंत्र प्रथम वापरलें गेलें होतें. मतदारानें बटण दाबलें कीं उमेदवाराचा क्रमांक, नांव व चिन्ह यांची चिठ्ठी कांचेआड सात सेकंद दिसते आणि खालच्या पेटींत पडते. चिठ्ठी भलतीच निघाली अशी तक्रार करणाऱ्यास प्रथम लेखी प्रतिज्ञा द्यावी लागते. मग त्याला अधिकाऱ्यांदेखत एक चांचणी-मत द्यावयास लावतात, आणि तेव्हां चिठ्ठी बरोबर निघाली तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. तरीहि हें पाऊल पुढचेंच होतें, आणि तें आम्ही अमान्य करीत नाहीं.

विशेष गंमत पुढेंच आहे. निवडणुकीच्या नियमांत असें स्पष्ट लिहिलें आहे कीं, यंत्रांतील आंकडा व चिठ्ठ्यांची मोजणी यांत तफावत आली तर चिठ्ठ्यांची मोजणी खरी मानावी. म्हणजे कागद श्रेष्ठ व यंत्र कनिष्ठ, हें कायद्यानेंच ठरवून टाकलें आहे. तर मग श्रेष्ठ पुरावा मोजावयाचा कीं नाहीं? येथें मात्र कायदा हात आंखडतो. २०१९ पूर्वीं विधानसभेच्या मतदारसंघामागें एका केंद्राच्या चिठ्ठ्या मोजीत. त्या वर्षीं ८ एप्रिल रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या पांच केल्या. बाकीच्या शेंकडों पेट्या न मोजतां राहतात. उमेदवार अधिक मोजणीचा अर्ज करूं शकतो, पण तो मान्य करणें न करणें निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातीं. ज्या साक्षीदाराचा शब्द अखेरचा मानावयाचा, त्याला साक्षीस बोलावणें मात्र न्यायाधीशाच्या मर्जीवर, असा हा न्याय आहे!

पांच हा आंकडा पुरेसा आहे काय, हें आपल्याच जिल्ह्यांतील दोन निकालांवरून तपासूं. नोव्हेंबर २०२४ मध्यें शिर्डीस राधाकृष्ण विखे पाटील ७०,२८२ मतांनीं निवडून आले. कर्जत-जामखेडला रोहित पवार १,२४३ मतांनीं. दोन्हीकडे मोजावयाच्या पेट्या पांचच. आतां एखाद्या मतदारसंघांत ३०० केंद्रें आहेत असें धरा. १,२४३ चें मताधिक्य उलटविण्यास ६२२ मतें इकडचीं तिकडे होणें पुरे आहे. तीं सहा यंत्रांत वांटलीं तर प्रत्येकांत सुमारें १०४ येतात. ३०० पैकीं कोणत्याहि पांच पेट्या चिठ्ठ्या टाकून उचलल्या, तर त्या सहांपैकीं एकहि हातीं न लागण्याचा संभव शेंकडा नव्वद आहे. कर्जत-जामखेडांत असें कांहीं घडलें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तसें म्हणण्यास आम्हांजवळ तिळभर आधार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, घडलें असतें तर या पद्धतीनें तें दहांत नऊ वेळां कळलें नसतें. आणि घडलें नाहीं हें सिद्ध करण्यासहि ही पद्धत तितकीच दुबळी आहे. सत्तर हजारांच्या मताधिक्यास पांच पेट्या कदाचित् पुरतील. हजार-बाराशेंच्या मताधिक्यास त्या पुरणार नाहींत, हें सांगण्यास गणिताचा पदवीधर लागत नाहीं. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत २०१७ पासून मताधिक्य जितकें कमी तितके कागद अधिक तपासतात. आपल्याकडे मताधिक्य कांहींहि असो, माप एकच.

२६ एप्रिल २०२४ रोजीं न्या. संजीव खन्ना व न्या. दीपांकर दत्त यांनीं सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. त्याऐवजीं दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांस निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून शेंकडा पांच यंत्रांच्या स्मृतीची तपासणी मागण्याची मुभा दिली. डॉ. विखे पाटलांचा अर्ज याच मुभेखालचा. तिची किंमत तेव्हां काय होती? एका संचामागें चाळीस हजार रुपये आणि वर कर, मिळून ४७,२००. चाळीस केंद्रांचे १८,८८,००० रुपये होतात. मोठ्या घरच्या उमेदवारास ते जड नसतील. पण एखाद्या शाळामास्तरानें निवडणूक लढविली व तो थोडक्यांत पडला, तर त्यानें पुराव्यासाठीं शेत विकावें काय? बरें, पैसे भरूनहि तपासणी कसली, तर आयोगानें ठरविलें कीं यंत्रांत नवीं मतें टाकून तें बरोबर चालतें कीं नाहीं हें दाखवावयाचें. निवडणुकीच्या दिवशींचीं मतें पुनः मोजून दाखवावयाचीं नाहींत! आजचा कांटा बरोबर आहे हें दाखविल्यानें गेल्या मोसमांतल्या गाडीचें वजन सिद्ध होत नाहीं. ११ फेब्रुवारी २०२५ रोजीं खुद्द न्यायालयासच आयोगास सांगावें लागलें कीं, पडताळणींत यंत्रांतील माहिती पुसूं नका, नवी भरूं नका, आणि हा खर्चहि फार आहे. मागणी होती कागद मोजण्याची; उत्तर मिळालें यंत्र तपासण्याचें; आणि तेंहि जुनी माहिती राखून तपासावें, म्हणून पुनः न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आतां दुसऱ्या पक्षाचें म्हणणें प्रामाणिकपणें मांडणें आमचें कर्तव्य आहे. पहिला आक्षेप असा कीं, मोजलेल्या चिठ्ठ्यांत व यंत्रांत फरक निघत नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें राज्यांतील २८८ मतदारसंघांत १,४४० पेट्या मोजल्या आणि सगळ्या जुळल्या असें आयोगानें सांगितलें. आम्ही तें खरें मानतों. पण राज्यांत केंद्रें सुमारें एक लक्ष. म्हणजे शेंकडा दीड देखील पेट्या उघडल्या नाहींत. ज्या मोजणीनें आयोगाचेंच म्हणणें दृढ होतें, ती वाढविण्यास आयोगानें कां बिचकावें?

दुसरा आक्षेप वेळाचा. २०१९ सालीं निम्म्या पेट्या मोजण्याची मागणी झाली तेव्हां निकालास पांच दिवसांहून अधिक उशीर होईल असें आयोगानें सांगितलें. होईना! ज्या देशांत १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीचें मतदानच चार महिने चाललें, त्या देशानें पांच वर्षांच्या राज्यासाठीं पांच दिवस थांबूं नये हें चमत्कारिक आहे. घाई आहे ती वृत्तवाहिन्यांना, मतदारास नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, तुम्ही लोकांस मागें, मतपत्रिकांच्या पळवापळवीच्या काळांत नेऊं पाहतां. हा आक्षेप मात्र आम्हांस लागूच पडत नाहीं. केंद्रें बळकावून शिक्के मारण्याचा जमाना आम्हांस परत नको. यंत्र असूं द्या. त्यानें दिलेली चिठ्ठी मतदाराच्या नजरेखालून जाऊं द्या, आणि ती मोजा, एवढेंच आमचें म्हणणें.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार दिसतो: असल्या शंकांनीं लोकशाहीवरचा विश्वास डळमळतो. पण विश्वास हा मागून मिळत नसतो. ३ मार्च २००९ रोजीं जर्मनीच्या घटना-न्यायालयानें तेथील मतदानयंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला. यंत्रांत लबाडी सांपडली म्हणून नव्हे. तर विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकास मोजणीच्या मुख्य पायऱ्या स्वतः तपासतां आल्या पाहिजेत, आणि त्या यंत्रांत त्या तपासतां येत नव्हत्या म्हणून. हॉलंडांत तर २००६ सालीं नागरिकांनींच 'मतदानयंत्रांवर आमचा विश्वास नाहीं' अशा रोखठोक नांवाची संस्था काढली, यंत्र उघडून त्यांतील उणीवा जगास दाखविल्या, आणि दोन वर्षांत तेथील सरकारनें तीं यंत्रें काढून टाकलीं. तेथील लोकशाही त्यामुळें बुडाली असें ऐकिवांत नाहीं. आमच्याकडे २०१० सालीं हैदराबादच्या हरिप्रसादांनीं परदेशी सहकाऱ्यांसह भारतीय यंत्रांत फेरफार करून दाखविला, तेव्हां तें यंत्र मुंबईच्या सरकारी गोदामांतून गेलेलें निघालें आणि हरिप्रसादांस अटक झाली. चोरीची चौकशी अवश्य व्हावी; पण यंत्रांतील दोष दाखविणाऱ्याचें म्हणणें काय होतें याची चौकशी तितक्याच तत्परतेनें व्हावयास नको होती काय?

लोकांच्या हातीं योग्य पुरावा दिला नाहीं म्हणजे ते अयोग्य पुरावा शोधूं लागतात, याचें उदाहरण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत घडलें. माळशिरस तालुक्यांतील मारकडवाडीच्या लोकांनीं ३ डिसेंबर २०२४ रोजीं स्वखर्चानें कागदी मतपत्रिकांवर पुनः मतदान घेण्याचें ठरविलें. नवल असें कीं, त्यांचे उमेदवार उत्तमराव जानकर मतदारसंघांत निवडून आलेच होते. परंतु गांवांत त्यांना ८४३ व प्रतिस्पर्ध्यास १,००३ मतें दाखविलीं, तें गांवकऱ्यांच्या मनास पटेना. प्रशासनानें जमावबंदी लावली, पोलीस बसविले. मतदान रद्द झालें आणि पुढें गुन्हे दाखल झाले. आम्हांस येथें दोन्ही बाजूंस दोष देणें भाग आहे. शेजाऱ्यांच्या देखत, निकाल कळल्यानंतर, गांवकीच्या दडपणाखालीं घेतलेलें मतदान हा पहिल्या मतदानाचा पुरावा होऊं शकत नाहीं. पण मारकडवाडीच्या केंद्रांतील खऱ्या चिठ्ठ्या त्याच वेळीं सरकारी कुलपांत मोहोरबंद होत्या! त्या गांवकऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर मोजून दाखविल्या असत्या, तर दोन घटकांत एक पक्ष खोटा ठरला असता. त्याऐवजीं पोलिसांची गाडी पाठविण्यांत आली. पुण्यांत त्याच सुमारास महात्मा फुले वाड्यांत नव्वदी ओलांडलेले डॉ. बाबा आढाव तीन दिवस उपोषणास बसले. त्या वयाच्या मनुष्यास मतमोजणीसाठीं उपाशी बसावें लागावें, याची शरम कोणास वाटली?

आणि सरकारची पावलें पाहावीं तर उलट दिशेस. २० डिसेंबर २०२४ रोजीं निवडणुकीच्या नियमांत दुरुस्ती करून केंद्रांवरील चित्रीकरणासारख्या गोष्टी जनतेच्या तपासणीच्या हक्कांतून वगळण्यांत आल्या. त्याहूनहि दुःखाची गोष्ट आमच्या घराजवळची आहे. डिसेंबर २०२५ मध्यें आमच्या जिल्ह्यांतील नगरपरिषदांचीं मतदानें झालीं. तेथें यंत्र होतें, पण चिठ्ठीच नव्हती. एका प्रभागांतून एकाहून अधिक सभासद निवडावयाचे, तशा मतदानास जुळणारें व्हीव्हीपॅट उपलब्ध नाहीं, असें राज्य निवडणूक आयोगाचें कारण. न्यायालयानें ज्याला अपरिहार्य म्हटलें, तें नळाच्या पाण्याचा व रस्त्याच्या दिव्यांचा कारभार पाहणाऱ्या सभासदांच्या निवडणुकींत अनावश्यक कसें ठरलें? नगरपरिषदेंत दहा-वीस मतांनीं जय-पराजय ठरतात. म्हणजे पुराव्याची गरज तेथेंच सर्वांत अधिक. यंत्र तयार नव्हतें तर कागदी मतपत्रिका छापणें अशक्य नव्हतें.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. चिठ्ठ्यांची तपासणी मताधिक्याच्या मानानें व्हावी; मताधिक्य अल्प असेल तेथें सर्व चिठ्ठ्या मोजाव्या. पराभूतास मोजणी मागण्याचा हक्क असावा, ती अधिकाऱ्याची मेहेरबानी नसावी, आणि तिची किंमत सामान्य उमेदवारास झेपेल इतकीच असावी. तक्रार करणाऱ्या मतदारास कैदेची भीति दाखवूं नये. आणि कागदावांचून कोणतीहि निवडणूक, अगदीं लहानशा नगरपंचायतीचीहि, होऊं नये. यांत क्रांतिकारक असें कांहींच नाहीं. दुकानदार रोजकीर्द ठेवतो तितकीच ही साधी गोष्ट आहे.

अखेर दोन शब्द आमच्या सुशिक्षित वाचकांस. मतदानयंत्रांचा प्रश्न हा हरलेल्या पुढाऱ्यांचा कांगावा आहे, असें म्हणून वर्तमानपत्राचें पान उलटण्याची आपली संवय आहे. माहितीच्या अधिकाराबद्दलहि लोक एके काळीं असेंच म्हणत. सरकारी दप्तर पाहण्याचा हक्क सामान्य माणसास असावा ही हांक याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धीहून उठली. २००३ च्या ऑगस्टांत अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणास बसले, तेव्हां कोठें महाराष्ट्राचा कायदा मार्गीं लागला, आणि दोन वर्षांनीं तो देशाचा झाला. ग्रामपंचायतीचीं बिलें पाहण्याचा हक्क ज्या जिल्ह्यानें देशास मिळवून दिला, त्यानें स्वतःच्या मताची मोजणी पाहण्याचा हक्क मागूं नये काय? यापुढें जो कोणी मत मागण्यास दारीं येईल, मग तो कोणत्याहि पक्षाचा असो, त्याला एकच प्रश्न विचारावा: "आपण निवडून आलांत, तर पुढच्या खेपेस हरणाऱ्यासाठीं चिठ्ठ्या मोजण्याचा नियम कराल काय?" हा प्रश्न विजयापूर्वीं विचारावयाचा असतो, नंतर ऐकण्यास कोणास सवड नसते. तसेंच ज्या वर्षीं आपला आवडता उमेदवार निवडून येईल, त्या वर्षींहि आपण हीच मागणी लावून धरावी. जिंकलेल्या पक्षाचे मतदार पुरावा मागूं लागतील तेव्हांच हरलेल्यांस तो मिळेल.